उचललेलं ताट

वहिनींनी माझं ताट उचललं तेव्हा मी पहिलाच घास घेतला होता. तो गिळावा की थुंकावा, कळेना. शेवटी गिळला.

शुक्रवारची दुपार होती. मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमधल्या त्यांच्या घरात, आठ खुर्च्यांच्या जेवणाच्या टेबलाशी मी बसले होते. माझ्या नेहमीच्या खुर्चीवर. समोर साहेब, शेजारी त्यांची सात वर्षांची रिया. टेबलाच्या टोकाला साहेबांचे वडील, आदल्याच दिवशी पुण्याहून आलेले. ते निवृत्त पाळक. आयुष्यभर चर्चमध्ये उपदेश केलेला माणूस. सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणायचे. त्यांनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, डोळे उघडले आणि मला बघितलं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. जेवेनात.

"पप्पा, घ्या ना," वहिनी म्हणाल्या.

"घेतो. सगळ्यांना आपापल्या जागी बसू दे आधी."

वहिनी उठल्या. टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आल्या. माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि ताट उचललं. आवाज अगदी मऊ होता. "आत बस गं जरा. पप्पांना सवय नाही."

ताट त्यांनी ओट्यावर ठेवलं. मी ओट्याशी उभी राहिले. मागून रियाचा आवाज आला, "मम्मी, मावशी आत का गेली? डिड शी डू समथिंग राँग?"

"नाही बेटा. जेव तू."

मग पाळकसाहेबांच्या चमच्याचा आवाज आला. "आमटी छान झालीय," ते म्हणाले. आमटी मी केली होती.

मी त्यांच्या घरची कामवाली. स्वयंपाक, केरफरशी, कपडे, रियाचं सगळं. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. व्हिसा साहेबांच्या नावावर. पासपोर्ट साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, "सुरक्षित राहील" म्हणून पहिल्याच दिवशी घेतलेला. ड्रॉवरची चावी साहेबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. माझी खोली स्वयंपाकघरामागे. तिला एकच खिडकी, आणि तिच्याबाहेर एसीचा डबा, त्यामुळे ती कधी उघडता येत नाही. बाहेर पडायचं ते कचरा टाकायला आणि शुक्रवारी चर्चला, त्यांच्याच गाडीतून. या भागात पायी कोणी फिरत नाही. फिरून जाणार कुठे? पळून गेले तर तक्रार होते, मग तुम्ही या देशात चोरासारखे. आजूबाजूच्या घरांतल्या लंकेच्या, फिलिपिन्सच्या बायका आपापल्या मालकाला अर्बाब म्हणतात. माझा अर्बाब मराठी, वर ख्रिस्ती. मी निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "नशीब काढलंस बाई."

आणि पहिले सात महिने मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी वहिनींनी स्वतःच्या हाताने खुर्ची ओढली होती. "मला मॅडम म्हणू नकोस. वहिनी म्हण. आणि इथेच बसायचं आमच्याबरोबर. आपण सगळी प्रभूची लेकरं." मी खुर्चीच्या कडेला टेकले. पंधरा दिवस तशीच टेकत होते. तिसऱ्या महिन्यात मी "मीठ द्या जरा" म्हणायला लागले. चाळीस वर्षांची बाई मी. खुर्चीवर पूर्ण पाठ टेकून जेवायला मला त्या घरात शिकवलं गेलं. म्हणून ते ताट इतकं लागलं. न देणाऱ्याचा राग येत नाही मला. देऊन काढून घेणाऱ्याचा येतो.

माझं गाव नगरकडचं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो गावातल्या पंगतीला कंटाळून, असं आजी सांगायची. लग्नाकार्यात आमची पंगत शेवटी, गोठ्याच्या बाजूला, तीही वाढणाऱ्याने वरून टाकलेली. आजोबा म्हणाले, ज्या देवाच्या जेवणात सगळे एका पेल्यातून पितात तो आपला. बाप्तिस्मा झाला. नाव बदललं. पंगत बदलली नाही. गावासाठी आम्ही होतो तेच राहिलो. मी नऊ वर्षांची असताना एका लग्नात चुकून पुढच्या पंगतीत बसले. पत्रावळीसकट उठवलं मला. दंडाला धरून. आजोबा बघत होते. काही बोलले नाहीत. घरी येऊन शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

पाळकसाहेबांच्या घराण्याची गोष्ट वेगळी. ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आम्ही मूळचे देशस्थ. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुणं हादरलं होतं." शंभरावर वर्षं झाली ख्रिस्ती होऊन आणि अजून मूळचे. मीही मूळचीच की. फक्त माझं मूळ कोणी चहाबरोबर सांगत नाही.

ते तीन महिने राहणार होते. आल्यापासून घरात एकेक नियम निघायला लागला. कोणी ओरडून सांगितला नाही. सगळे वहिनींच्या तोंडून, मऊ आवाजात. "सुकट नको करूस, पप्पांना वास सहन होत नाही." केली नाही. "सकाळी आंघोळ करूनच ओट्याशी येत जा." मी रोजच करते, तरी दोनदा करायला लागले. "तुझा कप तो निळा. वेगळा ठेव." ठेवला. "व्हतं, न्हाई असं बोलू नकोस रियासमोर, तिचं मराठी आधीच कच्चं आहे." मी होतं, नाही म्हणायला लागले. बोलायच्या आधी तोंडातल्या तोंडात शब्द घोळवायचे. वहिनी नाही, मॅडम. हेसुद्धा. "फक्त पप्पांसमोर गं."

आणि मी सगळं पाळलं. मनापासून पाळलं, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट इथे सांगते. मला वाटत होतं, एवढं केलं की एक दिवस पाळकसाहेबच म्हणतील, अगं, ती कुठे आहे, तिला बोलवा टेबलावर. ओट्याशी उभ्याने जेवताना मी त्या हाकेकडे कान लावून असायचे.

हाक आली, पण दुसऱ्याच कामाला.

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. वाचताना डोळ्यांतून पाणी यायचं. साहेब, वहिनी ऑफिसला, रिया शाळेत, आणि रियाला मराठी वाचता येतं कुठे? मी दहावी. आजोबांनी मला शास्त्रावरच वाचायला शिकवलेलं. दर शुक्रवारी आमची मराठी मंडळी चर्चच्या आवारातल्या एका हॉलमध्ये जमते, तिथे पाळकसाहेब चार आठवडे अभ्यास घेणार होते. विषय होता, विश्वासाने नीतिमान ठरणं. त्याच्या तयारीला त्यांना वाचणारं कोणीतरी हवं होतं. ते सोफ्यावर, मी समोरच्या लहान स्टुलावर. माझ्या तोंडचं शास्त्र त्यांना चालत होतं. माझ्या हातचं जेवण चालत होतं. माझं ताट तेवढं त्यांच्या ताटाशेजारी चालत नव्हतं.

एका सकाळी शास्त्रातलं पौलाचं पत्र काढलं. मी वाचत गेले. येशूचा पट्टशिष्य पेत्र अंत्युखिया शहरात आला होता, ते आलं. तो तिथल्या विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एकत्र जेवायचा, ते आलं. मग यरुशलेमहून, तिथला पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली आणि पेत्र भिऊन मागे सरला, वेगळा बसायला लागला.

मी थांबले.

"पुढे," पाळकसाहेब म्हणाले.

"म्हणजे तो ताटावरून उठला?"

त्यांना प्रश्न आवडला. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न आवडतोच. पुढे सरकून बसले. "हे बघ, पहिले ख्रिस्ती सगळे यहूदी. त्यांचं नियमशास्त्र कडक. काय खायचं, कोणाबरोबर खायचं, सगळं ठरलेलं. सुंता केलेला तो आपला. मग विदेशी लोक विश्वास ठेवायला लागले. प्रश्न उभा राहिला, यांना आधी यहूदी करून घ्यायचं का? सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सगळं त्यांच्यावर लादायचं? पौल म्हणाला, मुळीच नाही. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने. नियम पाळून नाही."

"मग पेत्राला हे ठाऊक नव्हतं?"

"चांगलं ठाऊक होतं. जेवत होता ना त्यांच्यात? पण यरुशलेमची माणसं आली. त्यांना अशी सवय नव्हती. पेत्र भ्याला."

माझ्या हातातलं शास्त्र जड झालं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता कळेल यांना, आता कळेल. ते तर रंगात आले होते.

"पौल भडकला तो का? कारण नियम पाळणाऱ्याचं कधी पुरं होत नाही. एक पाळला की दुसरा उभा. आधी लायक हो, मग बस, असं म्हटलं की तो बिचारा जन्मभर लायकच होत राहणार. आणि तसं असेल तर ख्रिस्त उगाच मेला म्हणायचा." त्यांचा आवाज भरून आला. खरंच आला, मी ते नाकारणार नाही. चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "चहा आण आता. तुझा कप वेगळा ठेवतेस ना?"

"ठेवते," मी म्हणाले.

ओट्याशी चहा उकळत ठेवला. मला माझ्या दोन आंघोळी आठवल्या. न केलेली सुकट, निळा कप, तोंडात घोळवलेले शब्द. मी काय करत होते हे सगळं? लायक होत होते. एक पाळला की दुसरा उभा. नगरच्या रानातली बाई मी, सुंतेचं शास्त्र मला कुठलं ठाऊक? पण मीही नियमशास्त्रच पाळत होते. त्यांच्या घरचं. आणि माझ्या आजोबांनी जो बाप्तिस्मा लायकी न विचारता फुकट मिळाला म्हणून घेतला होता, त्याची किंमत मी ओट्याशी उभी राहून भरत होते. मला स्वतःची इतकी चीड आली की चहा उतू गेला.

दुपारी सगळं आवरल्यावर मी तो भाग पुन्हा काढला. खोलीत दार लावून, बोट ठेवून वाचला. एक गोष्ट लक्षात आली. यरुशलेमहून आलेल्यांना पौल तोंडावर काही बोलल्याचं तिथे नाही. त्यांना सवयच नव्हती. तो बोलला पेत्राला, ज्याला सगळं ठाऊक होतं आणि जो एका ताटात जेवलेला होता. आणि कोपऱ्यात घेऊन नाही. सगळ्यांसमोर.

रात्री आईला फोन केला. तिला म्हटलं, मी शुक्रवारी बोलणार आहे. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा रडायला लागली. "गप ऱ्हा बाई. दोन वरसं काढ. त्यांनी हाकललं तर तुझ्या पोरीचं नर्सिंग निम्म्यात सुटंल. उभ्यानं जेवल्यानं कोन मेलंय का?"

मी फोन ठेवला. आजोबा आठवले. शास्त्र उघडून बसलेले, गप्प.

शुक्रवारी हॉल भरला होता. चाळीसेक माणसं. नर्सेस, अकाउंटंट, साइटवरचे सुपरवायझर, बायकापोरं. दुपारी दोन ते चार हॉल आमचा, चारनंतर मल्याळी मंडळींचा. अभ्यास झाला की प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांनी घरून डबे आणून एकत्र जेवायचं. वाढायचं काम माझ्याकडे असायचं, आणि वाढणारी मागून जेवते. पाळकसाहेबांनी पेत्राचा भाग घेतला. सुरेख सांगितला. मला सांगितला त्याहून सुरेख. बायका डोळे टिपत होत्या. वहिनी पुढच्या रांगेत मान हलवत होत्या. शेवटी ते म्हणाले, "कोणाला काही प्रश्न?"

हे विचारायची रीत आहे. प्रश्न कोणी विचारत नाही. एखादा म्हणतो, फार आशीर्वाद मिळाला, आणि मग भोजन.

मी उठले. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरलं. पाळकसाहेबांकडे बघितलं नाही. वहिनींकडे बघितलं.

"वहिनी, सात महिने मी तुमच्या टेबलावर जेवले. पाळकसाहेब आले आणि तुम्ही माझं ताट उचललं. मला ओट्याशी उभं केलं. यरुशलेमची माणसं आली आणि पेत्र उठला, तो चुकला, असं आत्ता इथे सांगितलं. मग तुम्ही काय केलंत?"

एवढंच. आणि मी वहिनी म्हणाले, मॅडम नाही. व्हतं, न्हाई आलं असतं तरी मला चाललं असतं.

कोणी खोकलं. वहिनींची मान खाली गेली. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. ते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध. "बाळा," ते म्हणाले, "ते तारणाबद्दल, आत्म्याच्या मुक्तीबद्दल आहे. ही घरातली शिस्त झाली."

"खाली बस," साहेब दात आवळून म्हणाले.

मंडळीचे सेक्रेटरी घाईने पुढे आले. "घरातले प्रश्न घरात. प्रार्थना करूया." दाराशी मल्याळी मंडळी आपला कीबोर्ड घेऊन येऊन उभी राहिली होती. प्रार्थना झाली. डबे उघडले. त्या दिवशी मला वाढायला कोणी सांगितलं नाही, आणि जेवायलाही नाही. जी नर्स ताई दर आठवड्याला माझ्याशी बोलायची, तिने डबा घेतला आणि लांबच्या टेबलाला गेली.

घरी आल्यावर साहेबांनी मला हॉलमध्ये उभं केलं. "तुला इथे कोणी आणलं? व्हिसा कोणाच्या नावावर आहे? उद्या कॅन्सल केला तर एअरपोर्टला नेऊन सोडीन. खलास. जायचंय?"

मला जायचं नव्हतं. घरी पोरगी दुसऱ्या वर्षाला. राहायचंही नव्हतं. ड्रॉवर माझ्यापासून चार पावलांवर होता आणि त्याला कुलूप होतं. मी गप्प राहिले. आजोबा का गप्प बसले होते ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच गेला.

संध्याकाळी वहिनी माझ्या खोलीत आल्या. रडून डोळे सुजलेले. "मी तुझ्यासाठी काय कमी केलं गं? चारचौघांत असं करायचं? दोन महिने काढ. पप्पा गेले की पुन्हा आपलं पहिल्यासारखं. मी स्वतः खुर्ची ओढून देईन."

महिनाभरापूर्वी मी त्यांचे पाय धरले असते. आता मला त्यांची दया आली. दार धरून उभ्या होत्या त्या, माझ्याइतक्याच अडकलेल्या. फक्त त्यांच्या पासपोर्टला कुलूप नव्हतं.

"नका ओढू, वहिनी," मी म्हणाले. "मी ओढीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलावर पाच पानं मांडली. साहेबांचं, वहिनींचं, रियाचं, पाळकसाहेबांचं आणि माझं. सगळ्यांना वाढलं. मग माझी खुर्ची ओढली आणि बसले. पूर्ण पाठ टेकून. पहिला घास घेतला. पाळकसाहेब उठले. "मी खोलीत जेवतो," म्हणाले, आणि ताट घेऊन गेले. मग वहिनी उठल्या. त्यांच्या मागे. साहेब फोनमध्ये डोकं घालून जेवले. रिया बसून राहिली.

साहेबांनी व्हिसा कॅन्सल केला नाही. दया म्हणून नाही. नवी बाई आणायला महिने जातात, आणि पाळकसाहेबांना मराठी वाचून दाखवणारी बाई त्यांना इथे कुठून मिळणार होती? सकाळी मी स्टुलावर बसून वाचतच होते. तो भाग मात्र पुन्हा निघाला नाही. निळा कप मी कचऱ्यात टाकला. सुकट केली एकदा, खिडक्या उघडून. दोन महिने रोज दुपारी मी त्या आठ खुर्च्यांच्या टेबलावर जेवले, कधी रियाबरोबर, बहुतेक वेळा एकटी. सोपं नव्हतं ते. रोज वाटायचं, आज आत जाऊन ओट्याशी खाऊन मोकळं व्हावं. चर्चमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. आईने फोनवर बोलणं कमी केलं.

फेब्रुवारीत पाळकसाहेब परत गेले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी तो घेतला, वाकले मात्र नाही.

एअरपोर्टवरून आल्यावर वहिनींनी स्वतः पानं वाढली. कधी नव्हे ते गोड केलं होतं. माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, जिथून ताट उचललं होतं तिथेच. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गं सगळं. बस आता मोकळेपणाने."

"मी बसलेलीच आहे, वहिनी. उठला होतात तुम्ही."

त्यांचा हात खांद्यावरून निघाला. त्या त्यांच्या जागी जाऊन बसल्या. जेवल्या की नाही ते मी बघितलं नाही. कॉन्ट्रॅक्टचे अजून बरेच महिने आहेत. पासपोर्ट ड्रॉवरमध्ये आहे, चावी साहेबांकडे. पुढच्या हिवाळ्यात पाळकसाहेब पुन्हा येणार आहेत, त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. येऊ देत. त्या दिवशीही मी पाच पानं मांडणार आहे. माझं ताट उचलायला कोणाचा हात खांद्यावरून पुढे आलाच, तर तो हात मी धरणार आहे.